शहाऐंशी डॉलर चाळीस सेंट

डुलुथमध्ये, नोव्हेंबरअखेरच्या एका मंगळवारी,
लोर्ना हालोनेनने नील्ससाठी बूट घेतले
टोइव्हो रांटालाच्या दुरुस्तीच्या दुकानातून.
आतून लोकर, डाव्या टाचेला नवं चामडं,
कुणाचे तरी जुने, पण त्याच्या हाताखालून गेलेले.
यंत्राने कार्ड गिळलं, जरा विचार केला
आणि हो म्हणालं.
चिठ्ठी फाडत म्हातारा म्हणाला,
"यंदाच्या बर्फापुरते आहेत. पुढचं पायालाच विचार."

रात्रपाळीत, इस्पितळाच्या चादरी
काचेमागे गरगरत असताना,
तिने फोनवर खातं उघडलं.
शहाऐंशी चाळीस. फिकट अक्षरांत. पेंडिंग.
म्हणजे निघालेत, पण गेले नाहीत,
निरोप घेऊन झाल्यावरही
एक चप्पल पायात, एक हातात धरून
दारातच गप्पा मारणाऱ्या पाहुण्यासारखे.

बुधवार, गुरुवार. शुक्रवारी घरभाडं.
सोमवारी ती ओळच नव्हती.
खोडलेली नाही,
परत आली असंही कुठे लिहिलेलं नाही.
वर पेट्रोल, खाली दूध,
मध्ये फटसुद्धा नाही.
शिल्लक तेवढी तेवढ्यानेच फुगलेली.

(आमच्यात निघताना जातो म्हणत नाहीत,
येतो म्हणतात.
त्या पैशांना हे कुणी शिकवलं, कुणास ठाऊक.)

बँकेतली मुलगी फोनवर म्हणाली, "गळून पडला व्यवहार."
दुधाचा दात पडावा, तशी म्हणाली.
"दुकानदाराने मागितलेच नाहीत.
पण खर्चू नका हं. उद्या मागेल, महिन्यानेही मागेल."
आणि मागितलेच नाहीत तर?
तिकडे थोडा वेळ नुसती बोटं वाजली.
"तर मग, तुमचे."

तुमचे.
हा शब्द तिने आठवडाभर कोटाच्या खिशात वागवला,
हीटरच्या बिलाशेजारी.
दुकानाचा रस्ता टाळून दोनदा टेकडीवरून घरी गेली,
चोरासारखी,
काही न चोरता.

तिसऱ्यांदा पायच वळले.
काच आतून वर्तमानपत्राने झाकलेली.
शेजारच्या बेकरीतला ओडेल पीठ झटकत म्हणाला,
"मंगळवारीच. मागच्या खोलीत. हातात आरी होती.
दिवा सकाळपर्यंत जळत होता,
आम्हाला वाटलं, काम करतोय."

रोज रात्री तो एक हिरवं बटण दाबायचा,
दिवसभराचं सगळं गोळा करून बँकेकडे धाडणारं.
त्या रात्री दाबलं नाही.
एवढंच झालं होतं.

आत त्याची लेक, टुसॉनहून आलेली, अंगावर पातळ कोट,
खोक्यांत लाकडी साचे भरत होती,
डावी पावलं एकात, उजवी एकात,
जोड्या मोडतायत हे तिच्या लक्षात नव्हतं.
लोर्नाने सगळं सांगितलं.
ती म्हणाली, राहू द्या.
लोर्ना म्हणाली, राहत नाहीत.

लेकीने यंत्र चालू केलं, हिरवं बटण शोधून दाबलं.
यंत्राने जरा विचार केला.
मग लिहिलं: बंद करण्याजोगं काही नाही.

तेव्हा लोर्नाने लिफाफा काउंटरवर ठेवला.
विसाच्या चार नोटा, पाचाची एक, एकाची एक,
तळाशी चाळीस सेंट, हलवले की वाजणारे.
लेकीने तो उचलला नाही,
परतही सरकवला नाही.

बाहेर पायरीवर नील्स
गोठलेल्या बर्फावर टाचा आपटून बघत होता.
दोघी ऐकत उभ्या राहिल्या.
"डाव्याचा आवाज जास्त येतो," लेक म्हणाली.
"डाव्यालाच चामडं नवं आहे," लोर्ना म्हणाली.